होम्स, पॉयरो, मिस मार्पल, ब्योमकेश: वाचनालयासाठी डीव्हीडी संच कोणते घ्यावेत?

सेलूकर

नमस्कार मंडळी. आमच्या सेलूच्या वाचनालयात रहस्यकथांचं कपाट सगळ्यात जास्त हाताळलं जातं. होम्स आणि अगाथा ख्रिस्तीबाईंचे (पॉयरो, मिस मार्पल) मराठी अनुवाद शिवण उसवेपर्यंत वाचले गेलेत. आता सभासदांची मागणी आहे की यांच्यावरच्या जुन्या टीव्ही मालिकाही पुस्तकासारख्या घरी न्यायला मिळाव्यात. इंटरनेटवर मालिका आज असते, उद्या नसते. खेड्यावरच्या सभासदांकडं तर रेंजही धड नसते. म्हणून डीव्हीडीच घ्यायचं ठरतंय.

पैसे बेताचेच आहेत, त्यामुळं सुरुवातीला एकच संच घेता येईल. होम्सच्या आणि मिस मार्पलच्या मालिका एकाहून जास्त आहेत, त्यातली कुठली घ्यावी? परदेशातून मागवलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालते का? आणि पॉयरोच्या सगळ्या ७० कथा ५ डिस्कमध्ये, असा एक संच स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का?

एक विनंती. कुणीही शेवट फोडू नये, बरेच सभासद हा धागा वाचणार आहेत.

मांजराकाठ (लातूर)

सेलूकर, ५ डिस्कचा संच अजिबात घेऊ नका. कारण हिशेबातच दिसतं. डेव्हिड सुशे पॉयरो झालेली मालिका १९८९ ते २०१३ अशी २५ वर्षं चालली. ७० पैकी ३६ कथा साधारण ५० मिनिटांच्या आणि ३४ कथा दीड तासाच्या आसपास किंवा जास्त. एकूण ८० तासांच्या वर जातं. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या चित्राचे साडेतीन तास. या हिशेबानं निदान २४-२५ डिस्क लागणारच. तेच ५ डिस्कमध्ये कोंबायचं तर एकेका डिस्कवर १६-१७ तास येतात आणि चित्राला सेकंदाला जेमतेम १.१ मेगाबिट मिळतात. जुन्या व्हीसीडीचा दर हाच होता. अंधाऱ्या खोलीतलं दृश्य आलं की भिंतीवर चौकडे नाचायला लागतात, आणि रहस्यकथेत अर्धा वेळ अंधारच असतो. शिवाय असा संच चोरीचाच असतो, वाचनालयाच्या दाखल-रजिस्टरला तो चढवता येणार नाही.

हाच हिशेब कुठल्याही संचाला लावा. पाठीवर एकूण मिनिटं आणि डिस्कची संख्या छापलेली असते. भागाकार करा, एका डिस्कवर चार तासांपेक्षा जास्त आलं तर हात आखडता घ्या.

होम्सचं म्हणाल तर ग्रॅनाडा टेलिव्हिजनची, जेरेमी ब्रेट होम्स झालेली मालिका घ्या. १९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग: तासाभराचे ३६ आणि मोठे ५. नीट बघा, हा माल चार नावांनी विकला जातो. ‘अ‍ॅडव्हेंचर्स’ १३ भाग, ‘रिटर्न’ ११, ‘केस-बुक’ ६, ‘मेमॉयर्स’ ६. पाच मोठे चित्रपट वेगळे धरतात: ‘द साइन ऑफ फोर’ (१९८७), ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९८८) आणि १९९२-९३ मधले तीन. ‘संपूर्ण’ असं छापलेल्या संचात ४१ भरतात का, ते मोजूनच पैसे द्या.

पैसे कमी असतील तर ‘अ‍ॅडव्हेंचर्स’ आणि ‘रिटर्न’ एवढ्या २४ भागांवर थांबलं तरी चालेल. मूळ कथेला सगळ्यात जास्त धरून हेच भाग आहेत. पहिल्या १३ भागांत वॉटसन डेव्हिड बर्क आहे, ‘रिटर्न’पासून एडवर्ड हार्डविक. सभासद विचारतील, डिस्कमध्ये काही गफलत नाही. १९९२-९३ च्या तीन मोठ्या चित्रपटांत लहानशा कथा ताणून पावणेदोन तासांच्या केल्यात आणि त्या पातळ झाल्यात. ‘मेमॉयर्स’च्या वेळी ब्रेट फार आजारी होता. ‘द मॅझरिन स्टोन’मध्ये तर तपासाचं काम होम्सचा भाऊ मायक्रॉफ्टच करतो. पुस्तक वाचून आलेल्या माणसाला हे आधी सांगितलेलं बरं.

मिस मार्पलमध्ये घोळ जास्त होतो. बीबीसीची जोन हिक्सनची मालिका १९८४ ते १९९२, त्यात मार्पलच्या बाराही कादंबऱ्या आहेत. पहिली कथा आली तेव्हा हिक्सन ७८ वर्षांची होती आणि पुस्तकातली म्हातारी अगदी तशीच आहे. २००४ पासूनची आयटीव्हीची मालिका वेगळी. तिच्यात मूळ कादंबरीत मार्पलचं नावही नसलेल्या कथांत मार्पलला आणून बसवलंय, ‘द सिटाफर्ड मिस्टरी’ त्यातलीच. वेष्टनावर नुसतं ‘मार्पल’ असेल तर ती आयटीव्हीची, ‘मिस मार्पल’ आणि हिक्सनचा चेहरा असेल तर बीबीसीची. अनुवाद वाचलेल्यांसाठी हिक्सनच घ्या.

बिंदुसरा (बीड)

वरच्या उत्तरात प्लेअरचं राहिलं, ते सांगतो.

डीव्हीडीला प्रदेश क्रमांक असतो, तो प्लेअरच्या क्रमांकाशी जुळावा लागतो. भारत ५, ब्रिटन २, अमेरिका १. ब्लू-रेचे प्रदेश वेगळे: भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. प्लेअर घेताना ‘सगळे प्रदेश’ हे शब्द डीव्हीडीपुरते आहेत की ब्लू-रेलाही, हे स्पष्ट विचारा. कित्येक ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी कुठलीही चालवतात, पण ब्लू-रे फक्त आपल्या प्रदेशाचीच. संगणकाच्या ड्राइव्हवर चालवायचा विचार असेल तर तिथं प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यानंतर ड्राइव्ह शेवटच्या प्रदेशालाच कायमचा धरून बसतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे डिस्क पाल की एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धतींपैकी कुठली. ब्रिटनमध्ये टीव्हीसाठी या मालिका फिल्मवर सेकंदाला २५ चित्रं या वेगानं काढल्या. पाल डीव्हीडीचा वेगही २५ च, आडव्या ओळी ५७६. म्हणजे जे काढलं तेच जसंच्या तसं डिस्कवर येतं. अमेरिकेच्या एनटीएससी डिस्कवर ओळी ४८० आणि वेग ३० च्या आसपास, त्यामुळं चित्रं एकमेकांत मिसळून वेग जुळवावा लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. होम्समध्ये घोडागाडी आडवी जात असताना पॉज करा. चाकाचे आरे दुहेरी, भुतासारखे दिसले तर ती डिस्क अशी बदललेली आहे. आपल्याकडचे टीव्ही पालवरच चालत आलेत, म्हणून ब्रिटनचीच आवृत्ती घ्या.

ब्लू-रेवर २५ च्या वेगाचं पूर्ण चित्र थेट ठेवायची सोयच नाही. ब्रिटिश कंपन्या ते १०८०आय ५० मध्ये, म्हणजे प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत वाटून ठेवतात, ते ठीक. अमेरिकन डिस्कवर बऱ्याचदा वेग २४ वर आणतात, म्हणजे ५० मिनिटांचा भाग ५२ मिनिटांचा होतो आणि आवाज किंचित जाड लागतो. ब्रेटचा आवाज ज्यांना पाठ आहे त्यांना हे लगेच खटकतं.

तुमच्या कामाला डीव्हीडीच बरी. सभासदांच्या घरी ब्लू-रे प्लेअर क्वचितच असेल.

सेलूकर

मांजराकाठ, बिंदुसरा, दोघांचेही मनापासून आभार. भागाकाराची युक्ती वापरून आजच दोन संच बाद केले.

आणखी दोन गोष्टी विचारतो. महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये एखादा भाग सगळ्यांना दाखवला तर चालेल का? आणि नमुन्याला एक डिस्क लावून बघितली, तर सगळे चेहरे फताडे दिसतायत. डिस्क खराब आहे का?

गोदाकाठ (नांदेड)

हॉलमध्ये दाखवणं आणि घरी नेऊ देणं या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ना-नफा वाचनालयानं रीतसर विकत घेतलेली प्रत नफ्याशिवाय वाचायला-बघायला दिली तर ते ‘व्यावसायिक भाडं’ धरलं जात नाही. म्हणून विकत घेतल्याचं बिल दाखल-क्रमांकासोबत जपून ठेवा. सार्वजनिक प्रदर्शनाला मात्र हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. डीव्हीडी सुरू होताना जी सूचना येते ती हीच. परवानगी येईपर्यंत हॉलमध्ये पुस्तकावर चर्चा ठेवा आणि डिस्क घरी नेऊ द्या.

फताड्या चेहऱ्यांचा दोष डिस्कचा नाही. या जुन्या मालिका (पॉयरोचे नंतरचे भाग सोडून) ४:३ च्या, जुन्या चौकोनी पडद्याच्या मापाच्या आहेत. तुमचा टीव्ही १६:९ चा आहे आणि तो चित्र ताणून पडदा भरतोय. दुरुस्ती दोन ठिकाणी करता येते. आधी प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही प्रकार ‘१६:९’ करा. त्याच यादीत ‘वाइड स्क्वीझ’ किंवा ‘पिलर बॉक्स’ असा पर्याय असेल तर तोही निवडा. तो नसेल तरच टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या आल्या की बरोबर झालं. पट्ट्या नकोत म्हणून ‘झूम’ करू नका, वरचं-खालचं चित्र कापलं जातं. टेबलावर ठेवलेली चिठ्ठी किंवा कप पडद्याबाहेर गेला तर बघणाऱ्याचा धागाच तुटतो.

आकार बरोबर आला का हे बघायला होम्सचं भिंग कामाला येतं. भिंग समोरून दिसेल तिथं पॉज करा आणि पडद्यावर दोऱ्यानं आडवं-उभं माप घ्या. दोन्ही मापं सारखी आली की झालं. ताणलेल्या चित्रात ते अंड्यासारखं आडवं दिसतं, उभ्यापेक्षा आडवं माप एक तृतीयांशानं जास्त भरतं.

आता डिस्क हाताळण्याबद्दल, कारण फिरतीवरचा संच इथंच मरतो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात. मधला खुंटा दाबायच्या आधी कडेनं ओढली तर ती वाकते आणि जोड सुटतो. प्रत्येक डबीवर चिठ्ठी लावा: ‘आधी मध्ये दाबा, मग उचला.’ पुसायची ती मधून कडेकडं सरळ, गोल गोल कधीच नाही. माहिती गोल मांडलेली असते. आडवा ओरखडा तिला जागोजागी थोडा थोडा छेदतो, तेवढं प्लेअर भरून काढतो. गोल ओरखडा सलग मजकूर खातो आणि तिथं भाग अडकतो. चष्मा पुसायचं मऊ फडकं आणि पाण्याचा थेंब पुरे, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की पृष्ठभाग पांढरा पडतो. डिस्कवर वाचनालयाचं लेबल चिकटवू नका, तोल जातो आणि प्लेअर घरघरतो. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करनं बारीक क्रमांक घाला.

डिस्क बिघडली की प्लेअर, हे ओळखायचं असं. एकच डिस्क दोन प्लेअरवर एकाच ठिकाणी अडली तर दोष डिस्कचा. सगळ्याच डिस्क एका प्लेअरवर अडायला लागल्या तर लेन्सवर धूळ. एप्रिल-मेच्या वावटळीनंतर हे हमखास होतं, म्हणून प्लेअरवर कापड असू द्या, पण चालू असताना काढा. आणि दोन थरांच्या डिस्कवर मध्येच अर्धा-एक सेकंद चित्र थबकतं, ती थर बदलायची जागा असते. त्यासाठी कुणाची अनामत कापू नका.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत डिस्क ठेवू नका, आणि आडव्या थप्प्या लावू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पुस्तकांच्या कपाटात डांबरगोळ्या टाकत असाल तर डिस्कचं कपाट वेगळं करा, ती वाफ काही प्लास्टिकला खाते.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्यांचं वाचलं, पण पहिला संच ब्रिटिश असावा हे मला पटत नाही. सेलूच्या वाचनालयात इंग्रजी उच्चार कानाला बसलेले सभासद किती असतील? ब्रेट भरभर बोलतो आणि तेही व्हिक्टोरियन इंग्रजी. मराठी सबटायटल कुठल्याच संचात नाहीत. इंग्रजी सबटायटल आहेत का हे पाठीवर बघून घ्याच, जुन्या आवृत्त्यांत तीही नसतात.

म्हणून बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी केलेली हिंदी ब्योमकेश बक्षी मालिका आधी शोधा. १९९३ आणि १९९७ अशा दोन खेपांत ती आली. रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या मूळ कथांना इतकं धरून केलेलं काम हिंदीत दुसरं नाही. आजी-आजोबांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना भाषा समजते. चित्र ब्रिटिश मालिकांएवढं स्वच्छ नाही, पण ३२ इंचावर चालून जातं. घेताना एवढंच बघा की दोन्ही खेपा आहेत, आणि दोन भागांत असलेली कथा दोन वेगळ्या डिस्कवर फाटलेली नाही. फाटली असेल तर त्या दोन डिस्क एकत्रच द्या.

मांजराकाठ (लातूर)

खामकाठांचं म्हणणं मान्य. आधी ब्योमकेश, मग ब्रेटचे २४ भाग, त्यानंतर हिक्सन. पॉयरो सगळ्यात महाग पडतो, तो मालिकेच्या एकेका वर्षाचा सुटा घेत चला. सुरुवात १९८९ च्या १० भागांपासून करा.

डबीची पाठ सभासदांना देऊ नका. कथासार छापताना बऱ्याचदा दुसरा खूनही सांगून टाकतात, आणि पडद्यावरच्या प्रकरणांच्या नावांतही सूचना असते. साध्या डबीत डिस्क घालून बाहेर तुमची चिठ्ठी लावा: कथेचं नाव, मिनिटं, मूळ पुस्तकाचा तुमचा दाखल-क्रमांक. आणि पॉयरोच्या शेवटच्या ‘कर्टन’ या कथेवर लाल शाईनं लिहा, ‘बाकी सगळं पॉयरो पाहून झाल्यावरच’.

सेलूकर

ब्योमकेशची चौकशी उद्यापासून सुरू करतो. पिलर बॉक्स लावला, भिंग दोऱ्यानं मोजलं, दोन्हीकडून साडेअकरा सेंटीमीटर भरलं.