बर्लिन: द्विभाषिक शाळेच्या अर्जात 'पक्की भाषा' म्हणून काय लिहू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे सांगलीचे, बर्लिनला येऊन चार वर्षं झाली. लेक येत्या जूनमध्ये सहाची होईल. इथं ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर त्याच वर्षी पहिली. घरी शिकवते म्हणायची सोय जर्मनीत नाहीच, त्यामुळे शाळा ठरवणं भाग आहे.

आम्हाला जर्मन-इंग्लिश शाळा हवी आहे. नवऱ्याचं इथलं काम तीनेक वर्षांत संपेल, मग पुणं की आणखी कुठं ते कंपनीच जाणे. लेकीला मध्येच उचलून न्यावं लागलं तर हाताशी इंग्लिश असावं, एवढाच हिशेब. सरकारी युरोपा-शाळांची माहिती काढली. १९९२ पासून आहेत, शिकवण्याची फी नाही. जर्मनसोबत एक जोडभाषा, अशा नऊ जोड्या: इंग्लिश, फ्रेंच, तुर्की, पोलिश, ग्रीक वगैरे. वर्गात साधारण अर्धी मुलं जर्मन पक्कं असलेली, अर्धी जोडभाषा पक्की असलेली.

घोडं अडलंय ते एका रकान्यापाशी: मुलाची सर्वांत पक्की भाषा कोणती?

पक्की भाषा मराठी. परवा ताटातलं वरण सांडलं तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झाला का घोळ आता!" थेट माझ्या आईचा सूर. दोन वर्षं किटात (इथल्या बालवाडीत) जातेय, त्यामुळे भांडणं आणि बाहुल्यांची शाळा जर्मनमध्ये. इंग्लिश म्हणाल तर तिला कळू नये म्हणून आम्ही दोघं आपसात बोलतो तेवढंच. (आइस्क्रीम हा शब्द त्यातही फुटलाय.)

ओळखीचे एक दादा म्हणाले, "बिनधास्त इंग्लिश ठोका, भारतीय म्हटल्यावर कोण विचारतंय?" सासूबाईंचंही फोनवर तेच. मला ते पटत नाहीये, पण खरं लिहून जागा हुकली तर? ज्यांनी अर्ज केलेत त्यांनी सांगा प्लीज.

टेर्मिन_मिळेना

ताई, आम्ही 'इंग्लिश' ठोकून बसलो होतो, म्हणून लिहितोय. शाळेचं नाव घेत नाही, त्यांची काही चूक नव्हती.

अर्जावर लिहिलंत म्हणून कुणी मान्य करत नाही, मुलाला बोलावून बघतात. आमच्या चिरंजीवांना चित्र दाखवलं: पाऊस, एक मुलगा, छत्री नाही. काय दिसतंय ते इंग्लिशमध्ये सांग म्हणाले. हा आधी गप्प. मग एका दमात, "देअ युंगं इस्ट भिजलेला, वाइल नो अम्ब्रेला." तीन भाषा, एक वाक्य, आणि व्याकरण म्हणाल तर मराठीचंच त्यातल्या त्यात शाबूत. बाईंनी पुन्हा विचारलं, "भिजलेला म्हणजे काय?" त्यानं उठून स्वतःच्या केसांवरून पाणी झटकून दाखवलं. हसल्या खूप, पण इंग्लिश गटात जागा नाही मिळाली. जर्मन गटासाठी बघा म्हटलं, तर त्या यादीत आमचा अर्जच नव्हता. एका रकान्यापायी ते वर्ष गेलं.

आम्हाला तेव्हा समजावून सांगितलं ते असं: घरची भाषा तिसरीच असेल तर हरकत नाही, पण दोनपैकी एक भाषा त्या वयाच्या मातृभाषिक मुलाइतकी यायला हवी. तुमच्या लेकीची भांडणं जर्मनमध्ये होत असतील तर तिची ती भाषा जर्मन आहे. घरची भाषा मराठी, शाळेसाठी पक्की जर्मन, असं दोन्ही लिहा. जागेपेक्षा अर्ज जास्त झाले की पुढं चिठ्ठी टाकतात, तिथं तुमचं-आमचं काही चालत नाही.

कागदी_घोडे

भाषेवर वरच्यांनी सांगितलंच आहे. मी कागदांचं बोलतो.

सगळ्यात आधी तुमच्या पत्त्याच्या हद्दीतल्या शाळेत नोंदणी करा. दुसरीकडे अर्ज करायचा असला तरी अनमेल्डुंग तिथंच, आणि तीही आदल्या शरदात. साधारण दिवाळीच्या तयारीच्या सुमारास, त्यामुळे आपली मंडळी हमखास विसरतात. आपली पसंतीची शाळा कोणती तेही तिथंच लिहून द्यायचं असतं.

गोवराचं आत्ताच बघून घ्या. मार्च २०२० पासून दोन डोस झाल्याचा पुरावा शाळेला द्यावाच लागतो. आपल्याकडचं कार्ड अंगणवाडीच्या शिक्क्यांचं, बॉलपेननं खाडाखोड केलेलं. आमचं कार्ड इथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी भिंगाखाली धरल्यासारखं वाचलं, मग इथल्या लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तकात उतरवून दिलं. ती टेर्मिन, म्हणजे डॉक्टरांची वेळ, मिळायलाच सहा आठवडे गेले होते.

खाजगीकडे वळायचा विचार असेल तर फी बघताना शाळेचा प्रकार विचारा. सरकारी शाळेला पर्याय म्हणून मान्यता असलेल्या शाळेला पालकांच्या ऐपतीवरून मुलं निवडता येत नाहीत, ते राज्यघटनेच्या ७व्या कलमातच आहे. म्हणून तिथं फी बऱ्याचदा उत्पन्नानुसार असते. निव्वळ परदेशी अभ्यासक्रम चालवणाऱ्या काही शाळा या चौकटीबाहेर असतात, त्यांची फी वर्षाला दहा हजार युरोच्या वर सहज जाते. फीच्या ३० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ५००० युरो, करविवरणात दाखवता येते. पण ती उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. आमच्या ऑफिसातल्या एकानं ५००० परत येणार म्हणून सुट्टी बुक केली होती. जेवण आणि दुपारनंतरचा सांभाळ यांचे पैसे त्यात धरत नाहीत.

इसारकाठची_काकू

आमची मुलं आता तिशीत आहेत, तेव्हा जुन्या माणसाचं म्हणून ऐक हो बाळा.

आम्ही म्युनिकला. बव्हेरियात चौथीनंतरच मुलांची पुढच्या शाळेची वाट ठरवतात, चौथीच्या मार्कांवर घराघरात रडारड. तुमच्या बर्लिनला प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, दोन वर्षं जास्त. एवढी घाबरून जाऊ नकोस.

आणि एक करू नकोस. चाचणी आहे म्हणून घरात इंग्लिश सुरू करू नकोस. आम्ही केलं होतं. हे रोज सकाळी टेबलाशी बसून मुलाशी इंग्लिश बोलायचे, टाय लावल्यासारखं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "आई, पाहुणे आलेत का?"

वस्तीतली साधी जर्मन शाळाही डोक्यात ठेव. आमचा धाकटा तिथंच शिकला, इंग्लिश त्याला पुढं आलंच. भारतात परत जायचं झालं तर मुंबईला डीएसबी ही शाळा आहे, १९६१ साली जर्मन मुलांसाठी काढलेली. पुण्यात तसं मिळेल का, ते तिकडच्यांना विचार.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, काकू तुमचे विशेष. उशिरा लिहितेय, कारण मध्ये गोवराचं खरोखरच निघालं. दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर दुमडीत गेली होती. सांगलीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी जुनं रजिस्टर काढून फोटो पाठवला, तेव्हा सुटले.

अर्जात घरची भाषा मराठी, पक्की जर्मन असं लिहिलं. सासूबाई दोन दिवस नाराज होत्या.

परवा चाचणी झाली. मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. जर्मनचा भाग मस्त झाला. चित्रातल्या कुत्र्याचं नाव काय ठेवावं यावर ती बाईंशी वाद घालत होती. मग बाईंनी प्रेमानं विचारलं, थोडं इंग्लिश येतं का, येत असेल ते बोलून दाखव. लेकीनं माझ्याकडे एकदा वळून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नॉट नाऊ. डोन्ट टेल हर, शी वोन्ट स्लीप."

बाईंनी पेन उचलून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. मला उलटं वाचता आलं नाही. पत्र आलं की इथंच कळवते.