मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याच्या टाकीत कार्बन, जीएफओ की पुरिजेन? (बेळगाव)

खारेपाणी_शहापूर

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला राहतो. तीन फुटी टाकी आहे, ३६ × १८ × १८ इंच. वाळू-दगड वजा जाता दीडशे लिटर पाणी धरा. मासे तीन : दोन क्लाउन, एक निळा डॅमसेल. दगड सिरॅमिकचे, प्रवाळ नाहीत. खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), त्यात स्किमर (फेसावर घाण काढणारं यंत्र). टाकी लावून आठ महिने झाले.

त्रास दोन आहेत. पाणी पिवळं पडलंय. समोरून कळत नाही, पण बाजूच्या काचेतून लांबीकडनं आरपार बघितलं की दुसऱ्या उकळीच्या कोऱ्या चहासारखं दिसतंय. दुसरं म्हणजे काचेवर तपकिरी-हिरवा थर. रविवारी खरवडला की बुधवारी परत हजर. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४०, फॉस्फेट १ पीपीएम. खारटपणा १.०२५.

दुकानात विचारलं तर त्यांनी पांढरट खडे पुढं केले, "अमोनिया, नायट्रेट सगळं ओढतंय बघा" म्हणाले. मी पण एक किलो घेतलो. (हसू नका, आमच्या बेळगावात पुरुषमाणूस 'घेतलो'च म्हणतो.) घरी येऊन पिशवी बघतो तर झिओलाइट. महिना झाला संपमध्ये पडलंय, आकडा जागचा हललेला नाही.

आता पाणी साफ करायला कार्बन घेऊ, जीएफओ घेऊ की पुरिजेन? तिन्ही एकदम झेपणार नाही, गणपती तोंडावर आलाय. आणि एक, मावसभाऊ वास्कोला असतो. चोर्ला घाटातनं येताना समुद्राचं पाणीच चार कॅन आण म्हणावं का त्याला?

रंकाळा_काठ

भावा, आधी ते झिओलाइट बाहेर काढ. गोड्या पाण्यात ते अमोनिया धरतं, पण खाऱ्या पाण्यात सोडियम इतका असतो की खड्यांतल्या सगळ्या जागा तोच अडवून बसतो. आणि तुझा अमोनिया शून्यच आहे की, ओढणार काय? नायट्रेटशी तर त्याचा संबंधच नाही. एखादा गोड्या पाण्याचा टाकीवाला मित्र असेल तर त्याला देऊन टाक.

प्रत्येक माल वेगळं काम करतो. पिवळेपणावर कार्बन. खाणं, शेवाळ, माशांची घाण कुजून जो रंग पाण्यात उतरतो तो आणि वास, दोन्ही तो घेतो. फॉस्फेट-नायट्रेटला हात लावत नाही. तुझ्या टाकीला चहाचा एक कप पुरे, बारीक जाळीच्या पिशवीत, गाळायच्या कापसाच्या पुढं जिथनं पाणी जोरात जातं तिथं. तीन-चार आठवड्यांनी फेकून नवा घाल. आधी धुऊन घे. मी पहिल्यांदा मोरीत धुतला होता, आईनं दोन दिवस बोलणं टाकलं होतं. आणि कधी माशांना औषध घालायची वेळ आली तर तेवढे दिवस कार्बन काढून ठेव, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो.

जीएफओ म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे गंजाच्या रंगाचे दाणे. ते काचेवरच्या थराचं खाद्य, म्हणजे फॉस्फेट आणि सिलिकेट, धरतात. पिशवीत नुसतं ठेवलं की गोळा होऊन बसतं, म्हणून पाणी खालून वर ढकलणारी नळी, म्हणजे रिअ‍ॅक्टर लागतो. त्यात दाणे हळू उकळल्यासारखे हलले पाहिजेत, जोरात फिरवलेस तर घासून भुगा होतो आणि टाकीभर लाल धूळ.

पुरिजेन पांढरे बारीक मणी. नायट्रेट व्हायच्या आधीची सेंद्रिय घाण धरतं. १०० मिली तुझ्या टाकीला भरपूर. कुंद्याच्या तपकिरी रंगाचं झालं की अर्धं पाणी, अर्धं ब्लीच यात २४ तास ठेवायचं, धुवायचं, मग क्लोरीन मारायच्या औषधाच्या पाण्यात आठ तास. ब्लीच साधंच हवं, लिंबाच्या वासाचं चालणार नाही. आणि त्यात बाथरूमचं अ‍ॅसिड चुकून पण मिसळू नको, विषारी वायू होतो.

मी असतो तर आत्ता फक्त कार्बन घेतला असता.

मांडवी_तीर

पणजीहून लिहितेय. दादा, पावसाळ्यात इथलं पाणी नेऊ नका. झुवारी आणि मांडवी दोन्ही भरून समुद्रात येतात, किनाऱ्याजवळचा खारटपणा पार उतरतो, वर गाळ आणि वस्त्यांचं सांडपाणी. तुमचं मिठाचं पाणीच बरं.

पण मला वेगळीच शंका येतेय. तीन मासे, त्यांनी दीडशे लिटरमध्ये १ पीपीएम फॉस्फेट केलं? मिठात कुठलं पाणी वापरता? आणि खायला काय घालता? पुड्यातली सोललेली गोठवलेली कोळंबी असेल तर तिला पाणी धरून ठेवायला बऱ्याचदा फॉस्फेट लावलेलं असतं.

प्रवाळ ठेवले नाहीत हे उत्तम. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ते आहेत, दुकानदार काहीही सांगोत.

खारेपाणी_शहापूर

ताई, कोळंबी बाजारातली ताजीच, आठवड्यातनं दोनदा, बारीक चिरून. बाकी दिवस दाणे. पाणी परसातल्या विहिरीचं, पण घरच्या आरओमधनं काढलेलं. आरओ म्हटल्यावर शुद्धच की.

मांडवी_तीर

तिथंच गोम आहे. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, शिवाय शेवटी मिनरलची नळी. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन लावून बघा आणि फॉस्फेटची किट टाकीत नको, त्या पाण्यावर चालवा.

खारेपाणी_शहापूर

मंडळी, काल रात्री जेवण टाकून हेच करत बसलो होतो. विहिरीचं पाणी टीडीएस ३१०, आरओचं ६२. विहिरीच्या पाण्यात फॉस्फेट १, आरओच्या पाण्यात ०.२५! म्हणजे रोज दीड-दोन लिटर पाणी उडतंय, त्याच्या जागी मी हे ओततोय. उडताना नुसतं पाणी उडतं, फॉस्फेट मागंच राहतं. आठ महिने मी चमच्यानं खत घातल्यासारखं झालं.

मशीन उघडली तर खरंच एक छोटा स्क्रू आहे. तो बंद केला, मिनरल नळीच्या आधीच पाइप काढून घेतली. आता टीडीएस ११. आई म्हणते पाण्याची चव गेली. तिच्यासाठी वेगळा नळ काढून द्यावा लागणार.

रंकाळा_काठ

११ पण खाली आण, पुढं डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरणाऱ्या मण्यांची) एक नळी जोड, शून्य येईल. जीएफओचे पैसे तिकडं घाल. हेच पाणी ओतत राहिलास तर जीएफओ पंधरा दिवसांत भरून जाणार आणि तू परत दुकानात. आणि शून्य पाण्यानं आठवड्याला वीस-पंचवीस लिटर बदल, नायट्रेट पण उतरेल.

मांडवी_तीर

आकडा लगेच पडला नाही तर घाबरू नका. वाळूनं फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं, पाण्यातलं कमी झालं की ती परत सोडते. दोन महिने द्या. तेव्हाही ०.५ च्या वर अडकलं तर जीएफओ, तेही सांगितलेल्या मापाच्या अर्ध्यानं. मासेच असलेल्या टाकीत ०.१ च्या मागं लागायची गरज नाही. तुमच्या किटवर तो आकडा दिसायचाही नाही.

खारेपाणी_शहापूर

रेझिन कोल्हापूरहून मागवलंय. कार्बन कालच घातला, एक कप, परसात धुऊन. आज सकाळी पांढऱ्या बादलीत टाकीचं पाणी आणि शेजारी नवीन कालवलेलं पाणी ठेवून बघितलं, फरक आहे अजून, पण चहा आता लिंबू-पाण्यावर आलाय.

फक्त एक राहिलं. रेझिन रंग बदलणारं घेतलंय, निळ्याचं तपकिरी होतं म्हणे. पूर्ण नळी तपकिरी होईपर्यंत चालवायचं की अर्ध्यावरच बदलायचं?

रंकाळा_काठ

चारातले तीन हिस्से तपकिरी झाले की नवीन मागव. आणि रंगावर जाऊ नको, पेनवर १ दिसला की बदल.