रस्तारुंदीत येणारा माळवदाचा वाडा: पाडावा की सावरावा?

प्रश्न

नमस्कार. आमचा वाडा मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, जुन्या बाजारपेठेत आहे. दगडमातीच्या अडीच-तीन फूट रुंद भिंती, सागाचे खांब आणि तुळया, त्यांवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. रस्त्याकडच्या बाजूला आजोबांच्या काळापासून तीन भाडेकरूंची दुकाने आहेत. गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीची भिंत फुगली आणि एका रात्री माळवदाचा कोपरा खाली आला. त्या खोलीत कोणी झोपत नव्हते, म्हणून निभावले. पुढे महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आणि रस्तारुंदीच्या आखणीत पुढचे सहा फूट जाणार असेही कळले.

शहरात यावर सभा झाली. एका बाजूचे म्हणणे असे की जुनी पेठ गेली तर शहराला ओळख उरणार नाही. दुसरी बाजू म्हणते की या बोळांत अग्निशमनाची गाडी शिरत नाही. चुलत भावंडांना वाडा पाडून व्यापारी संकुल हवे आहे. माझा जीव वाड्यात आहे, पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाटही मी विसरलेले नाही. त्यानंतर कित्येक महिने आमची आजी अंगणातच झोपत असे. असे घर राखणे म्हणजे माणसांचा जीव टांगणीला लावणे आहे का, एवढेच मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ (निवृत्त स्थापत्य अभियंता, लातूर)

ताई, आपली भीती रास्त आहे, म्हणून नीट सांगतो. किल्लारीच्या भूकंपानंतर मी दुरुस्तीच्या कामांवर होतो. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती आणि सुमारे दहा हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या घरांखाली. मात्र ती घरे जुनी होती म्हणून पडली, हे खरे नाही. त्या रुंद भिंती म्हणजे प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असत. बाहेरून एक, आतून एक, मध्ये गोटे आणि माती भरलेली, आणि दोन्हींना बांधणारा आरपार दगड कोठेही नसे. हादरा बसला किंवा आत पाणी मुरले की त्या एकमेकींपासून सुटतात. आपली भिंत फुगली, त्याचे कारणही बहुधा हेच आहे.

दुसरे कारण डोक्यावरचे ओझे. माळवद गळले की वर नवी माती घालायची, पण जुनी काढायची नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मी उकरलेल्या एका माळवदावर हातभराहून जास्त थर निघाला होता, आणि खालच्या कड्या, म्हणजे माती पेलणारी आडवी लाकडे, बोटाने टोकरल्या तरी भुसा पडत होता. उलट जेथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती ढासळल्या तरी छत उभे राहिल्याचे मी स्वतः पाहिले आहे. आपल्या वाड्यात खांब आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे.

आज फुगलेल्या भागाला टेकू द्या आणि तो भाग रिकामा करा. पावसाआधी माळवदावरची जादा माती उतरवा. नंतर भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड बसवणे, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे आधार देणे आणि वरून पाणी अडवणे ही कामे करता येतात. सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. त्याने ओल आत कोंडते आणि माती कुजते. तेथे चुनाच हवा. तपासणी दगडी बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याकडूनच करून घ्या, कारण केवळ काँक्रीटवर काम केलेला माणूस पाहताक्षणी पाडा म्हणेल.

उत्तर २ (पेठेतील दुकानदार)

मी भाडेकरूच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत आमचा विचार शेवटी होतो. भाडे इतके जुने आहे की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि आम्ही स्वखर्चाने केली तर पुढे जागा राहील याची हमी नाही. या अडकित्त्यात वाडे कुजतात. आमच्या शेजारची इमारत अशीच कुजत कुजत पडली. वारशाचा अभिमान मलाही आहे, परंतु माझा मुलगा दिवसभर त्या छताखाली बसतो. दुरुस्ती होणार असेल तर भाडे वाढवून द्यायला मी तयार आहे. तसा लेखी करार मात्र आधी हवा.

उत्तर ३ (वकील, छत्रपती संभाजीनगर)

नोटीस पुन्हा वाचा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पाडण्याचाच आदेश असतो असे नाही; इमारत सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे हेही त्यात येते. अभियंत्याचा अहवाल जोडून लेखी मुदत मागा. दुकानदार बंधूंशी लेखी करार करणे दोघांच्याही हिताचे आहे.

रस्तारुंदीबाबत आमच्या शहराकडे पाहा. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या या शहरात भडकल दरवाजा आणि पैठण दरवाजा जागेवर ठेवून वाहतूक बाजूने नेली आहे, आणि याच शहरात दमडी महाल रुंदीकरणात गेला. आखणी बदलता येते, पण ती वेळेत मागावी लागते. म्हणून हरकत मुदतीतच नोंदवा. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये आली, तेव्हापासून इमारतींची श्रेणी ठरवून संरक्षण देण्याची पद्धत राज्यात रुळली आहे. आपल्या शहराची यादी झालेली नसेल, तर ती करण्याची मागणी एकट्या वाड्यासाठी न करता सबंध पेठेसाठी करा. कागद उर्दूत किंवा मोडीत असतील तर त्यांचे प्रमाणित भाषांतर आधीच करून ठेवा, कारण वारसांच्या वादात तेथेच सगळे अडते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा तिघांची मी ऋणी आहे. आज सकाळी माणूस लावून मागच्या खोलीवरची माती उकरायला घेतली. दुपारपर्यंत बावीस पाट्या निघाल्या आणि थर अजून संपलेला नाही. अभियंता सर म्हणतात तसे दोन कड्यांच्या टोकांचा भुसा झाला आहे, बाकीच्या मात्र ठणठणीत आहेत. चुलत भावंडांना फोटो पाठवले आहेत. भाडेकरूंना रविवारी बोलावले आहे, आणि हरकतीचा अर्ज सोमवारी देणार आहे.