क्रिलची मर्यादा पाळली, मग तक्रार कशाची?

सागरवेल :
‘हिशेबी’ यांनी काल लिहिले की, 2025 च्या हंगामात अंटार्क्टिक क्रिलची (कोळंबीसारख्या बारीक समुद्री जीवांची) पकड 6,20,000 टनांच्या मर्यादेवर पोहोचताच 1 ऑगस्टला मासेमारी बंद करण्यात आली, ही पकड तिथल्या साठ्याच्या जेमतेम एक टक्का आहे, सबब व्यवस्था चोख चालली आहे आणि पेंग्विनांच्या नावाने गळा काढण्याचे काही कारण नाही. हे वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून सविस्तर लिहिते.

एक टक्का हा आकडा खरा आहे. 2019 च्या पाहणीत क्षेत्र 48 मधला, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प, साऊथ जॉर्जिया बेट वगैरेंच्या भोवतालच्या समुद्रातला, साठा सुमारे 6 कोटी 26 लाख टन निघाला होता. परंतु पेंग्विन टक्केवारीवर जगत नाही. पिल्लांना भरवणाऱ्या चिनस्ट्रॅप जातीच्या पेंग्विनला घरट्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच जाऊन परतावे लागते, आणि त्या टापूतले क्रिल जहाजांनी उपसले असेल, तर शेकडो मैल दूर साऊथ जॉर्जियाजवळ ते मुबलक असून त्याला काय उपयोग? याच कारणाने 2009 पासून या 6,20,000 टनांची उपक्षेत्रवार वाटणी केलेली होती. द्वीपकल्पालगतच्या 48.1 या उपक्षेत्राला 1,55,000 टनांची स्वतंत्र मर्यादा होती आणि ती भरली की तेवढा भाग बंद होत असे. ऑक्टोबर 2024 मध्ये होबार्टला झालेल्या कॅमलारच्या (अंटार्क्टिक सागरी जीवांच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या) बैठकीत या वाटणीला मुदतवाढ देण्यावर एकमत झाले नाही आणि ती संपुष्टात आली. लगेच पुढच्याच हंगामात इतिहासात प्रथमच सगळे 6,20,000 टन भरले. बांध फुटल्यावर पाणी कोणत्या वाफ्यात शिरले हे न पाहता ‘विहिरीत अजून पुष्कळ आहे’ असे म्हणण्यात काय अर्थ आहे?

आणखी एक. 6,20,000 हा आकडा पेंग्विन-देवमाशांची गरज मोजून काढलेला नाही. प्रत्येक उपक्षेत्रात पूर्वी कधीकाळी झालेल्या सर्वाधिक पकडींची ती बेरीज आहे.

हिशेबी :
वाटणी संपल्याचा उल्लेख मी करायला हवा होता, हे मान्य. त्यापलीकडे आपण मांडलेले चित्र एकांगी आहे. कॅमलारच्या नियमानुसार मासेमारी नसताना जेवढे क्रिल असते, त्याच्या 75 टक्के समुद्रात राहिले पाहिजे. इतर बहुतेक माशांच्या बाबतीत जग याहून कमीवर समाधान मानते. त्या हिशेबाने मंजूर होणारी मर्यादा 56 लाख टनांच्या वर जाते आणि प्रत्यक्षात तिच्या नवव्या हिश्श्यावर जहाजे थांबवली जातात. बहुतेक कंपन्यांनी 2018 पासून पिल्लांच्या हंगामात पेंग्विनांच्या वसाहतींलगतचे पाणी स्वतःहून सोडले आहे. द्वीपकल्पाचे तापमान वाढले, समुद्रावरचे बर्फ घटले, हंपबॅक देवमासे पुन्हा वाढले आणि तेही क्रिलच खातात. या साऱ्याचे खापर जहाजांवर फोडणे न्यायाचे नाही. शिवाय नको ते मासे अडकण्याच्या दृष्टीने पाहिले तर क्रिलचे जाळे जगातल्या सर्वांत स्वच्छ जाळ्यांपैकी एक आहे.

अर्नाळ्याची लेक :
‘स्वच्छ जाळे’ हा शब्द वाचून राहवले नाही. आमच्या घरी डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, आहे. जवळ्यासाठी लावलेल्या डोलीत काय काय येते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. खळ्यावर जवळा वाळत घातला की आई आम्हां मुलांना त्यातून कचरा वेचायला बसवायची, आणि त्या कचऱ्यात नखाएवढी पापलेटची पिल्ले ओंजळीने निघत. बारीक आसाच्या जाळ्यात बारीक जीव येणारच. पाणी गोठवणारे असले म्हणून निसर्ग बदलत नाही. महाराष्ट्राने 2023 मध्ये माशांचे किमान आकार ठरवून दिले, पण बंदरावर ते मोजायला कोण उभे असते? पापलेट कमी झाले की दोष मात्र कोळ्याच्या डोलीला. तेव्हा हिशेबी यांना माझा साधा प्रश्न आहे : तुमचे जाळे स्वच्छ आहे, हे कोणी मोजले?

दर्यावर्दी :
ताई, याचे उत्तर मी देऊ शकतो, कारण मोजणारी व्यक्ती मी पाहिली आहे. अंटार्क्टिक समुद्रातल्या साऊथ ऑर्कनी बेटांजवळ क्रिलच्या जहाजांकडून माल उचलून माँटेव्हिडिओला नेणाऱ्या एका जहाजावर मी दोन हंगाम सेकंड इंजिनिअर होतो. मालात मुख्यतः भुकटी असे, आणि तिचा वास थेट आपल्या सुकटीच्या खोलीसारखा. एकदा दोन्ही जहाजे शेजारी बांधलेली असताना त्यांच्या एका पंपाच्या दुरुस्तीसाठी मला पलीकडे बोलावले. तिथे जाळे पाण्यातच राहते आणि क्रिल नळीतून सतत वर ओढले जाते. कारखान्याच्या कोपऱ्यात एक मुलगी पांढऱ्या ट्रेमध्ये नमुना ओतून चिमट्याने एकेक प्राणी बाजूला करत होती. ती निरीक्षक होती. तिने मला बोटाच्या पेराएवढी आइसफिशची पिल्ले दाखवली, इतकी पारदर्शक की फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसावेत. दिवसातून अनेकदा हेच काम, आणि तेही डोलणाऱ्या जहाजावर. आता क्रिलच्या प्रत्येक जहाजावर असा निरीक्षक असतो.

सागरवेल :
निरीक्षक कंपनीच्या जहाजावर राहतो, कंपनीचे जेवण जेवतो आणि महिनोन्‌महिने त्याच माणसांत काढतो. तो कितपत निर्भीडपणे लिहीत असेल? 2021 मध्ये तीन तरुण हंपबॅक या ‘स्वच्छ’ जाळ्यांत मेलेले सापडले, हे दर्यावर्दी सोयीस्करपणे विसरले.

दर्यावर्दी :
विसरलो नाही. त्या तीन देवमाशांची नोंद झाली आणि ती आयोगापुढे गेली, म्हणूनच आज तुम्ही त्यांचा दाखला देऊ शकता. नोंद दडपली गेली असती तर तुम्हाला तीन हा आकडा कुठून मिळाला असता? ज्या मुलीला तुम्ही पाहिलेले नाही, तिला मिंधी ठरवताना निदान दोनदा विचार करायला हवा होता. उणे पंधरात बोटे बधिर होईपर्यंत ती उभी होती. मला हे फार लागले आहे.

पाणपक्षी :
भांडण निरीक्षकांवर आलेच आहे, तर टूथफिश या खोल पाण्यातल्या मोठ्या माशाच्या मासेमारीकडे पाहा. 1990 च्या दशकात साऊथ जॉर्जियाच्या लांब दोरीच्या मासेमारीत एकेका हंगामात हजारो पक्षी बुडून मरत. गळाला लावलेले आमिष बुडण्याआधी अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी त्यावर झेप घेई आणि दोरीबरोबर खाली ओढला जाई. भटका अल्बट्रॉस दोन वर्षांतून एकच अंडे घालतो. जोडीतला एक गेला की त्या हंगामाचे पिल्लूही गेले. मग नियम आले : दोरी रात्रीच सोडायची, तिला वजने बांधायची, वर फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी लावायची, दोरी सोडताना माशांची घाण टाकायची नाही, आणि हंगामच हिवाळ्यात ढकलायचा. काही वर्षांत तिथली मृत पक्ष्यांची संख्या जवळपास शून्यावर आली. हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहायला जहाजावर कोणी नसते, तर ते कागदावरच राहिले असते. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात तर प्रत्येक टूथफिश जहाजावर दोन निरीक्षक असतात, आणि एका खेपेत नको असलेल्या एखाद्या जातीचे एक टनाहून अधिक मासे आले, तर जहाजाला पाच सागरी मैल दूर जाऊन पाच दिवस त्या जागी परतता येत नाही. क्रिलला असा ‘हल इथून’ नियम पेंग्विनांच्या वसाहतींभोवती का नसावा, हा माझा प्रश्न आहे. कंपन्यांनी स्वतःहून सोडलेले पाणी त्या स्वतःहून परतही घेऊ शकतात.

सागरवेल :
दर्यावर्दी, त्या मुलीविषयीचे वाक्य मी मागे घेते. ते अनुचित होते. निरीक्षण चांगले चालते, हेही मानते, पण त्याने माझा मूळ मुद्दा सुटत नाही. निरीक्षक ट्रेमधले मोजतो. जे क्रिल जाळ्यात आले म्हणून पेंग्विनाच्या चोचीत गेले नाही, ते ट्रेमध्ये दिसत नाही. अमेरिकी संशोधकांनी द्वीपकल्पावरच्या पेंग्विनांच्या तीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासून 2020 मध्ये दाखवले की, स्थानिक पातळीवर पकडीचे प्रमाण वाढले की पेंग्विनांची कामगिरी खालावते, आणि एकूण साठ्याशी तुलना करता पकड नगण्य दिसत असतानाही हे घडू शकते.

हिशेबींना शेवटचे एकच सांगते. 1969-70 च्या एका हंगामात साऊथ जॉर्जियाभोवती संगमरवरी रॉककॉडची सुमारे 4 लाख टन पकड झाली, आणि तो साठा असा कोसळला की पुढे त्या माशावर बंदी घालावी लागली. कॅमलारचा करार 1980 मध्ये झाला, तो असल्याच अनुभवांतून पोळल्यावर.

हिशेबी :
रॉककॉडची तुलना मला पटत नाही. तेव्हा मर्यादाच नव्हती. 48.1 ची वाटणी परत यावी, हे मात्र मी मान्य करतो, आणि ‘गळा काढणे’ हे शब्दही मागे घेतो. केवळ एकूण आकड्यावरून निष्कर्ष काढायला नको होता. एकमताचीच अट असल्याने एखाद-दुसरा देश अडून बसला तरी सगळे ठप्प होते. भारत 1986 पासून सदस्य आहे, आणि 2021 मध्ये पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्रातील संरक्षित क्षेत्रांना त्याने पाठिंबा जाहीर केला होता. तिथे आपली मासेमारी नसल्याने आपल्या शब्दाला स्वार्थाचा डाग नाही. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राजवळ राहणाऱ्या आम्हा गोंयकारांनी तरी यावर दिल्लीला पत्रे लिहायला हरकत नाही.

अर्नाळ्याची लेक :
पत्र लिहा, माझीही सही घ्या. दर्यावर्दीदादा, एकच विचारते. त्या मुलीने ती बारीक पिल्ले पुढे काय केली? आमच्याकडे कचऱ्यात जातात.

दर्यावर्दी :
एकेक करून पट्टीवर लांबी मोजली, वहीत लिहिली. दोन पिल्लांची जात तिला ओळखता आली नाही, तर ती पिशवीत घालून, तारीख आणि खेपेचा क्रमांक लिहून शीतपेटीत ठेवली. बोटे वळत नव्हती म्हणून पिशवीची गाठ मी मारून दिली.