वॉर्सा शहराची युद्धकाळातील वृत्तचित्रे विद्यार्थ्यांना दाखवताना काय पारखून घ्यावे?

प्रश्न : शिक्षक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांना पोलंडच्या राजधानीची, म्हणजे वॉर्साची, १९३९ पासून पुनर्बांधणीपर्यंतची जुनी वृत्तचित्रे पडद्यावर दाखवावीत असा विचार आहे. पाठ्यपुस्तकात महायुद्धाच्या तारखा आहेत, परंतु अख्खे शहर उद्ध्वस्त होते म्हणजे नेमके काय होते, हे त्यातून मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. सध्या मोबाईलवर एक फिकट रंगांची चित्रफीत फिरत आहे. तीत १९४५ च्या वसंतात एक विमान भग्न वॉर्सावरून सलग उडत जाताना दिसते. ती अस्सल आहे काय? तसेच मूळ निवेदनाचा आवाज ठेवावा, की तो बंद करून आपणच मराठीतून सांगावे?

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, अमरावती

गुरुजी, आपल्या वर्णनावरून ती २०१० सालची ‘मियास्तो रुइन’ ही चित्रफीत दिसते. वॉर्सा उठाव संग्रहालयाने जुन्या छायाचित्रांच्या आधारे ती संगणकावर तयार करवून घेतली. ती अभ्यासपूर्वक केलेली असून अवश्य दाखवावी, मात्र ‘हे चित्रीकरण नव्हे, पुनर्रचना आहे’ असे आधी सांगून. अशा फिती पारखण्याची एक साधी खूण आहे. त्या काळी युद्धभूमीवर वापरले जाणारे किल्लीचे कॅमेरे एका किल्लीत काही सेकंदच चालत आणि त्यांतील शंभर फुटी रीळ मिनिटभरात संपे, त्यामुळे हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेली अस्सल दृश्ये तुकड्यातुकड्यांची असतात.

सुरुवात ज्युलियन ब्रायन या अमेरिकी चित्रपटकाराच्या फितींपासून करावी. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन वेढा पडत असताना तो वॉर्सात पोहोचला आणि महापौर स्टेफान स्टार्झिन्स्की यांनी त्याला मोटार व दुभाषी दिला. पुढे त्याच्या चित्रीकरणातून ‘सीज’ हा लघुपट झाला. त्यात सेनापती नाहीत. पावासाठी रांगेत उभी असलेली आणि बॉम्ब पडलेल्या इस्पितळातून बाहेर काढलेली माणसे आहेत. याच शहरात ५ ऑक्टोबरला झालेले हिटलरचे विजयसंचलन जर्मन वृत्तचित्रात आहे. दोन्ही लागोपाठ दाखवा, म्हणजे कॅमेरा कोणाच्या हाती आहे यावर शहर कसे दिसते ते ठरते, हे मुलांना सांगावे लागणार नाही.

आवाजाविषयी माझे मत स्पष्ट आहे : तो बंद ठेवावा. बहुतेक दृश्ये मुकीच टिपली जात आणि संगीत, स्फोटांचे आवाज व निवेदन नंतर स्टुडिओत चढवले जाई.

उत्तर : इतिहासाची संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालणे मला फार आवश्यक वाटते. वॉर्साच्या ज्यू वस्तीत मे १९४२ मध्ये नाझींनी केलेल्या चित्रीकरणाचे तुकडे आज अनेक माहितीपटांत बिनदिक्कत ‘वास्तव’ म्हणून वापरले जातात. त्या फितीत सुखवस्तू ज्यू मेजवान्या झोडताना आणि शेजारी उपाशी माणसे रस्त्यावर मरताना दिसतात. उपासमार खरी होती. मेजवान्या मात्र धाकाने घडवून आणलेल्या होत्या. वस्तीच्या ज्यू मंडळाचे प्रमुख अ‍ॅडम चेर्नियाकोव्ह यांच्या रोजनिशीत या बनावाच्या नोंदी आहेत. पुढे १९९८ मध्ये सापडलेल्या उरलेल्या रिळात तीच दृश्ये पुन्हापुन्हा करवून घेतलेली दिसतात आणि कॅमेरावालेही चौकटीत आलेले आहेत. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, २२ जुलैपासून, तेथील माणसांना ट्रेब्लिंका येथे मारण्यासाठी नेण्यास सुरुवात झाली. गुरुजी, ही फीत आठवीच्या मुलांना दाखवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दहावीला दाखवायची असल्यास ती कोणी व का काढली, हे आधी सांगून एखाद-दोन मिनिटेच दाखवावी.

उत्तर : वाचक, सेलू तालुका, जि. वर्धा

युद्धोत्तर काळापुरता ग्रंथपाल साहेबांशी मी सहमत नाही. ‘पोल्स्का क्रोनिका फिल्मोवा’ या पोलंडच्या सोव्हिएतधार्जिण्या साम्यवादी सरकारच्या वृत्तचित्रमालेतील विटा हातोहात पुढे देणाऱ्या नागरिकांची दृश्ये सुंदर आहेत, पण तिचे निवेदन हाच एक पुरावा आहे आणि तो मराठी भाषांतरासह ऐकवावा. १९४४ चा जर्मनांविरुद्धचा उठाव पोलंडच्या भूमिगत ‘होम आर्मी’ने केला आणि सोव्हिएत सैन्य विस्तुला नदीच्या पलीकडच्या तीरावर थांबून राहिले, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या निवेदनात शोधूनही सापडत नाहीत. उठाव मोडल्यावर जर्मनांनी घरे ठरवून जाळली व सुरुंगाने उडवली; शहराच्या नाशाचा मोठा भाग लढाई संपल्यानंतरचा आहे. जुन्या शहराची पुनर्बांधणी करताना बेर्नार्दो बेल्लोत्तोच्या अठराव्या शतकातील चित्रांचा आधार घेण्यात आला आणि तो भाग १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत आला.

आपल्या मुलांना हे शहर परके वाटू नये म्हणून एक दुवा सुचवतो. युद्धकाळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले आणि जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. जामसाहेबांच्या नावाचा चौक आज वॉर्सात आहे. पुनर्बांधणीच्या फितीनंतर त्या चौकाचे व वळिवड्याचे छायाचित्र दाखवता येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ब्रायन आणि विजयसंचलन आवाजाविना, पुनर्बांधणी निवेदनासह, आणि संगणकावरची फीत तसे स्पष्ट सांगून, असा क्रम ठरवतो. ज्यू वस्तीची फीत या वेळी वगळतो. दहावीच्या मुलांसाठी त्यावर स्वतंत्र तासिका घेईन. सेलूच्या वाचकांना विनंती की, पोलिश निवेदनाच्या मराठी भाषांतरासाठी आपण मदत करू शकाल काय? सुरुवातीला १९४५ च्या एका भागाचे झाले तरी पुरेसे होईल.