मिलेच्या ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’ : सुगी इतकी मागे का?

रंगरेषा (कोथरूड) :
आमच्या चित्ररसिक मंडळात मला झाँ-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकारावर बोलायचे आहे. त्याच्या १८५७ सालच्या चित्रात तीन स्त्रिया कापणी झालेल्या शेतात गव्हाच्या पडलेल्या लोंब्या वेचत आहेत आणि उंच गंज्या, पेंढ्या, भरलेली गाडी हे सारे पार मागे, फिकट उजेडात आहे. सुगीचे चित्र काढताना सुगीच इतकी दूर नेण्यामागे मिलेचा काय विचार असावा? ग्रामीण जीवनाचा गौरव, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते.

माळरान (सासवड) :
ताई, आपली शंका रास्त आहे, कारण हे चित्र मुळात सुगीचे नाहीच. मालकाचे धान्य बांधून झाल्यावर शेतात जे काही सांडलेले राहते, ते गावातल्या गरिबांनी दिवसाउजेडी वेचावे, अशी तिथली जुनी रीत होती. उजवीकडे दूरवर घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस दिसतो. तो इतका लहान आहे की पटकन नजरेत येत नाही, पण तो दिसला की मागची समृद्धी कोणाची आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या भागात ज्वारीची काढणी उरकल्यावर सरवा वेचणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत, म्हणून मला यातले वाकणे फार खरे वाटते. दोघी पूर्ण वाकलेल्या आहेत, तिसरी अर्धवट वाकून हातातल्या काड्या सारख्या करते आहे आणि डावीकडचीने एक हात पाठीवर घेतला आहे. तिघींचे चेहरे जवळजवळ झाकलेले ठेवून मिलेने सारा भार पाठी, खांदे आणि राकट हातांवर दिला आहे. दया यावी म्हणून काढलेल्या चित्रात चेहरे बहुधा आपल्याकडे वळवलेले असतात. इथे त्या स्त्रियांना आपल्याकडे पाहायला सवडच नाही, आणि मला यातच त्यांचा खरा मान दिसतो.

जुनी पेठ (सदाशिव पेठ) :
काळाचा संदर्भही अवश्य सांगावा. १८४८ च्या क्रांतीला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे पॅरिसच्या सालोन प्रदर्शनात हे चित्र आले तेव्हा काही समीक्षकांना या तीन गरीब स्त्रियांमध्ये बंडाची चाहूल लागली. पोल द सँ-व्हिक्तोर या समीक्षकाने तर त्यांना दारिद्र्याच्या तीन नियतिदेवता ठरवले. मिलेने स्वतः समाजवादी असल्याचे नाकारले होते. १८१४ साली नॉर्मंडीतल्या ग्रुशी या खेड्यात, शेतकरी घरात तो जन्मला, तरुणपणी शेतात राबला आणि १८४९ पासून बार्बिझाँ गावात राहिला. त्यामुळे माझ्या मते या चित्रातला आरोप घोषणेतून येत नाही, तर राशी आणि ओंजळ यांच्यात त्याने ठेवलेल्या अंतरातून येतो.

वेळ असेल तर त्याचा १८५० चा ‘पेरणारा’ही दाखवावा. व्हॅन गॉगने सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना, १८८९-९० मध्ये, मिलेच्या शेतकामाच्या चित्रांच्या कृष्णधवल छापांवरून स्वतःच्या रंगांत चित्रे केली, तीही शेजारी ठेवता येतील. ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’चे मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पडद्यावर दाखवताना प्रतिमा फार गडद नसेल असे पाहावे, नाहीतर तो घोडेस्वार दिसेनासा होतो.