मदत हवी आहे : गाडीतला फ्रीज पहाटे बंद पडतो, दुसरी बॅटरी वाढवू का?

डोंगरवाट :
नमस्कार. गाडीचा कॅम्पर करून झाला. झोपायला प्लायवूडचा ओटा, खाली कप्पे, पाण्याची टाकी, दिवे, फ्रीज, सगळं बसवलं. तीन शनिवार बाहेर राहिलो आणि तिन्ही वेळा पहाटे तीनच्या सुमारास फ्रीज लाल दिवा दाखवून बंद. दूध नासलं तर नासलं, पण आत आईचं इन्सुलिन असतं, त्यामुळे झोप लागत नाही. पुढच्या महिन्यात १२ तारखेला स्पितीला निघतोय. बॅटरी वाढवू की मोठी घेऊ? कृपया लवकर सांगा.

सातारकर :
गाडी कोणती, साल कुठलं, बॅटरी कसली, सोलर आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

लीफस्प्रिंग :
फ्रीजच काढून टाका. मी ११ वर्षं जिप्सीतून फिरतोय. थर्माकोलची पेटी आणि गावोगावी मिळणारा बर्फ, बस. वजन कमी तितकी गाडी घाटात सुखी.

डोंगरवाट :
सफारी ४ बाय ४, २.२ डायकोर, २००९ ची. मागची बॅटरी १०० एएच (अँपिअर-तास), घरच्या इन्व्हर्टरची, ॲसिड-पाण्याची ट्युब्युलर, नवीच आहे. फ्रीज ४० लिटर, १२ व्होल्टवर. सोलर नाही. रिले (आपोआप चालणारा स्विच) टाकून अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर, चार्ज होते. @लीफस्प्रिंग, इन्सुलिन लिहिलंय वर. बर्फात ठेवून गोठलं तर फेकून द्यावं लागतं.

कागदपत्र :
सगळ्यांत आधी आरसी बघा. मूळ रचनेत बदल करायचा नाही असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. शिवाय २००९ ची म्हणजे १५ वर्षं झाली, रिन्युअल केलंत का? वाटेत दिल्लीचा पट्टा लागतो, तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचा नियम कोर्टात सारखा बदलतोय. निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा.

डोंगरवाट :
रिन्युअल झालंय. ओटा नटबोल्टवर आहे, निघतो. प्रश्न बॅटरीचा आहे हो.

वायरमन :
एक गोष्ट तुम्ही अजून सांगितली नाही. पुढच्या बॅटरीपासून मागे आणलेली वायर किती एमएमची? मल्टिमीटर घ्या, गाडी चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर व्होल्टेज मोजा आणि इथे लिहा. तोवर काही विकत घेऊ नका.

हिमालयवेडी :
स्पितीचंच सांगते. कुंझुम खिंड ४५५१ मीटर. तिकडे पाणी ८५-८६ अंशांतच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. ब्युटेनचे छोटे कॅन पहाटेच्या गारठ्यात दम टाकतात. पंपाचा स्टोव्ह न्या. आईंना घेऊन जाणार असाल तर थेट स्पितीतल्या काझा गावाला धावू नका, किन्नौरमार्गे हळूहळू चढा.

डोंगरवाट :
मोजलं. पुढे १४.१, मागे १२.८. वायर दीड स्क्वेअर एमएमची आहे, प्लस-मायनस दोन्ही पुढूनच आणल्यात, इलेक्ट्रिशियन म्हणाला पुरते.

वायरमन :
नाही पुरत. १.३ व्होल्ट वाटेतच जातोय. पाच मीटर जायला, पाच यायला, दीडच्या तांब्याचा रोध साधारण ०.१२ ओहम. म्हणजे जेमतेम ११ अँपिअर मागे पोचतात, आणि बॅटरी भरत येईल तसे तेही उतरतात. दोन तास चालवलीत तर फार तर २० एएच. तुमचा फ्रीज दिवसाला ३०-४० खातो. बॅटरी कधी भरलेलीच नाही, त्यामुळे दुसरी जोडलीत तर दोन्ही उपाशी राहतील. सोळा स्क्वेअर एमएमची केबल टाका, दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज. आणि ती ट्युब्युलर झोपायच्या जागेतून आजच्या आज बाहेर काढा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, खडकाळ रस्त्यावर ॲसिड हिंदकळतं. सीलबंद एजीएम घ्या, तिच्यात ॲसिड सांडत नाही.

सातारकर :
लिथियम का नको? वजन निम्म्याहून कमी.

वायरमन :
साध्या रिलेवर थेट लिथियम लावली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते, जुना अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. आणि शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते, स्पितीत पहाटे हेच होणार.

लीफस्प्रिंग :
दोनशे वॉटचं सोलर टाका, अल्टरनेटरला हात लावायची गरज नाही.

वायरमन :
एका जागी दोन दिवस मुक्काम असेल तर सोलर हवंच, मान्य. पण ढग आले की काय? आधी केबल.

नर्मदा :
डोंगरवाट, आईंचं वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साध्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं. पाकिटातली चिठ्ठी वाचा, डॉक्टरांना विचारा. न उघडलेली पेनं तेवढी २ ते ८ अंशांत हवीत. एका रात्रीसाठी एवढं घाबरू नका.

डोंगरवाट :
@नर्मदा, खूप बरं वाटलं वाचून. @वायरमन, काल रात्री ओटा उचलून वायर काढली. रिलेपाशी वायरच्या टोकाच्या लगवरचं (जोडणीच्या धातूच्या टोपीवरचं) प्लास्टिक तपकिरी होऊन तारेला चिकटलं होतं, तांबं काळं पडलेलं. फ्यूज कुठेच नव्हता. आणि त्यावर गादी टाकून आई झोपत होती. आज पुण्याच्या तपकीर गल्लीतून सोळाची केबल, लग आणि दोन फ्यूज आणले. एजीएम परवा येतेय. बसवली की पुन्हा मोजून लिहितो.

सह्यवेडा :
ओट्याची लांबी किती झाली? माझी उंची सहा फूट, सफारीत पाय सरळ होतात का?